बसलेली बाजू

चौकात पुढच्या बैठकीवरचा माणूस आपलं शेंगांचं पोतं घेऊन उतरला आणि टांगा मागं उलाळला. फार नाही, वीतभर. दांड्या वर उचलल्या गेल्या, घोड्याच्या पोटाखालचा पट्टा ताणला, घोडा वैतागून दोन पावलं मागं सरला, आणि टांगेवाला मान वळवून म्हणाला, “बाई, जरा उठके सामने आ जाव. पीछे वजन होरा.” एवढंच. परभणीत दिवसभरात किती टांगे असे उलाळत असतील आणि किती बाया उठून पुढं जाऊन बसत असतील. मला उठता येईना. दोन्ही हातांनी मी बाजूची लोखंडी कांब धरली होती आणि तळपाय फळीत रुतल्यासारखे झाले होते. शेजारी बसलेले बाबा म्हणाले, “काय झालं?” मी म्हटलं, “काही नाही. पायाला मुंग्या आल्यात.” बाबांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, कोटाची बटणं सारखी केली, म्हणाले, “तू बस. मी जातो,” आणि उतरून पुढं टांगेवाल्याशेजारी जाऊन बसले. टांगा सरळ झाला. मागची बैठक मागं तोंड करून असते, त्यामुळं आता आमच्या पाठी एकमेकींना लागल्या होत्या. मला सुटत चाललेला रस्ता दिसत होता आणि बाबांना येणारा. पुढं बघत ताठ बसणं ही त्यांची जुनीच सवय.

मुंग्या कसल्या! गेलं वर्षभर माझं हे असंच चाललं आहे. वर्गातल्या मुली काही बघायला खिडकीकडे एकदम गोळा झाल्या की मी किंचाळते. भाजीवालीच्या तराजूचं पारडं धपकन खाली गेलं की मान फिरवते, आणि ती बिचारी समजते बाईंना माप खोटं वाटलं, म्हणून मूठभर भेंडी वर टाकते. शाळेतल्या बाया म्हणतात, सत्यशीलाबाई, तुम्ही मुलींना जागचं हलू देत नाही. मी हसते. कडक म्हणून नाव झालं की एक सोय असते, कुणी जवळ येऊन काही विचारत नाही. पण आज विचारणार होते. आज कोर्टात माझी साक्ष होती. आश्रुबा भोयावर खटला होता, निष्काळजीपणानं नाव बुडवून माणसं मारल्याचा, आणि नावेच्या ज्या अंगाला आमची माणसं बसली होती त्या अंगाची जिवंत राहिलेली मी एकटी. मी काय सांगते त्यावर आश्रुबा तुरुंगात जाणार की सुटणार हे बरंचसं ठरायचं होतं. आणि माझ्या पाठीला पाठ लावून बसलेल्या या माणसाजवळ त्याच्या बायकोचं काय शिल्लक राहणार, तेही त्याच साक्षीवर ठरायचं होतं. हे दुसरं कोर्टाला माहीत नव्हतं.

उंबरवाडी आमचं गाव, पाथरी तालुक्यात, गंगेच्या काठी. गोदावरीला आमच्याकडे कुणी गोदावरी म्हणत नाही, भूगोलाच्या पेपरात लिहायचं तेवढं. पलीकडच्या काठाला बाजार भरतो आणि बाजाराला जायचं म्हणजे आश्रुबाच्या नावेतून. गेल्या श्रावणात, दोन वर्षांच्या दुष्काळानंतर गंगा पहिल्यांदा दुथडी भरून वाहत होती तेव्हा, ती नाव मधोमध उलटली. किती गेले याचे आकडे पेपरात रोज बदलत होते. मी आकडे वाचत नव्हते. माझी माय गेली होती. भोयांच्या नावेत पोहायला वाळके भोपळे बांधलेले असतात, त्यातला एक कुणीतरी माझ्याकडे ढकलला, आणि त्याला मिठी मारून मी खालच्या वळणाला काठावर लागले. कुणी ढकलला ते मला अजून माहीत नाही. माय पुढं कितीतरी खाली बाभळीच्या जाळीत सापडली.

मग जीपा आल्या. ज्या घाटावर बैलगाडीला धड वाट नव्हती तिथं जीपा आल्या. पांढऱ्या कपड्यांतली माणसं चपला हातात घेऊन चिखलातून पाण्यापर्यंत गेली, पाण्याकडे बघत उभी राहिली, फोटो निघाले. पूल होणार असं जाहीर झालं. तो अजून जाहीरच होतो आहे. घाटावर एक दगड बसवला, पण त्यावर नावं कोरायची राहून गेली, कारण कुणाचं नाव कुणाच्या आधी, यावर गावाचं एकमत होईना. आणि माणसं मेली म्हणजे कुणीतरी मारली असलीच पाहिजेत, तशी शोधाशोध सुरू झाली. गावातली पहिली कुजबुज आमच्यावर आली. सगळी नाव उठून गंगेची ओटी भरत होती आणि बौद्धवाड्यातली तेवढी ढिम्म बसून होती. मग गंगामाय कोपणार नाही तर काय करणार! बाबांच्या कानावर ते आलं. मायच्या राखेची धग अजून गेली नव्हती. बाबा चावडीपुढं जाऊन उभे राहिले आणि शाळेत शिकवतात त्या आवाजात म्हणाले, “होय, बसून होती. आमची माणसं छप्पन सालापासून दगडापुढं आणि पाण्यापुढं उठत नाहीत. माझी बायको ताठ बसून गेली. पण तिला वेगळ्या अंगाला कशासाठी बसवली होती, ते आश्रुबाला विचारा.”

‘ताठ बसून गेली’ हे वाक्य मग फिरत राहिलं. पाथरीच्या शोकसभेत, परभणीच्या शोकसभेत, मायच्या फोटोला हार घालताना. फोटो एकच होता, माझ्या मॅट्रिकच्या वेळी काढलेला, त्यात माय खुर्चीवर खरंच ताठ बसली आहे, कारण फोटोवाल्यानं हलू नका म्हणून दम दिला होता. बायका फोटो बघून डोळे पुसायच्या, पोरं घोषणा द्यायची, आणि बाबा बोलायला उठायचे. घरी त्यांना जेवण जात नव्हतं. रात्री पाणी प्यायला उठले की माठापाशीच उभे राहायचे. पण सभेत ते वाक्य बोलले की त्यांच्या अंगात जीव यायचा, त्या दिवशी दोन घास पोटात जायचे. मीच सभांना चला म्हणायला लागले. दुसरं काय करणार होते मी! बाप जेवतो म्हटल्यावर लेक त्याला दहा सभांना नेईल.

आम्हाला वेगळं बसवलं जायचं, हे खरं. बाबांच्या लहानपणी आमच्या लोकांना नावेच्या शेपटाला, पाणी झिरपतं तिथं बसवत, आणि फळीवरून न चढता कमरेएवढ्या पाण्यातून चढायला लावत. त्याला दुसरं गोड नाव नाही. ते आश्रुबाचा बाप करायचा. छप्पननंतर आमच्या लोकांनी गावकीची कामं सोडली आणि मधल्या फळीवर बसायला सुरुवात केली. भांडणं झाली, डोकी फुटली. मग आश्रुबा नावेवर आला आणि त्यानं आपली एक रीत पाडली. आम्ही मधल्या फळीवर, पण वरच्या अंगाला, म्हणजे पाणी येतं त्या बाजूला. बाकीचं गाव खालच्या अंगाला. मी अकरावीत असताना त्याला रागानं विचारलं होतं, “आश्रुबामामा, आम्ही सदा वरच्या अंगालाच का?” त्यानं तंबाखूची पिंक पाण्यात टाकली आणि वल्हं न थांबवता म्हणाला, “आगं बाई, हे समदे मधी गंगंत आले की उठत्यात. कुनी नारळ टाकतंय, कुनी हळद-कुकू टाकतंय, कुनी लेकरू दाखवतंय गंगेला. समदे खालच्या अंगाला वाकत्यात. किती बी वरडा, ऐकत न्हाईत. तुमी न्हाई उठत. तुमी बसून ऱ्हाता म्हून नाव सरळ ऱ्हाती. तुमच्या जिवावर चालायलीय माही नाव.” ते ऐकून काय वाटून घ्यावं तेच मला कळेना. माणसांना वाळूच्या पोत्यासारखं वजनाला ठेवणं हाही अपमानच की! पण हसूही आलं. घरी येऊन मी मायला गंमत म्हणून सांगितलं. माय हसली नाही. भाकरी थापता थापता तिचा हात थांबला, आणि मग पुन्हा चालू झाला.

कोर्टाच्या आवारात लिंबाखाली सरकारी वकील व्यंकटराव भेटले. काळा कोट हातावर, तोंडात पान. “पोरी, घाबरायचं काही काम नाही. दोनच गोष्टी. माणसं जास्त होती, आणि तुम्हाला वेगळं बसवलं होतं. पुढचं मी बघतो.” बाबांनी मान हलवली. मीही हलवली. बाबा पाणी प्यायला नळाकडे गेले आणि तेवढ्यात भिंतीच्या कडेनं आश्रुबाची बायको दगडाबाई माझ्याजवळ आली. रडली असती, पाया पडली असती, तर मला सोपं गेलं असतं. ती शेजारी उकिडवी बसली, मी बसावं म्हणून हातानं जमीन झाडली, आणि म्हणाली, “कशी हायस?”

“बरी आहे, मामी.”

“शाळा?”

“चालू आहे.”

“त्यानं लय मान्सं घेतली त्या रोजी, ते सांग तू. म्या बी म्हनलं व्हतं त्याला, दोन खेपा कर. पर दोन वरसांनी नाव पान्याला लागली व्हती, त्याला बी चेव आलता. येक बोलू का? त्यानं समदं पाह्यलंय. तुह्या मायला हाक बी मारली त्यानं. पर वकिलाला सांगंना. म्या म्हनलं, कामून सांगंनास? तर म्हंतो, मास्तर मरंल. म्या म्हनलं, आन् तू? तर तंबाखू चोळीत बसतो भाडखाऊ.” बोलता बोलता ती उठली. “तुरुंगात जाऊ दे, खायला तर घालत्याल. पर इटाळ पाळला म्हून जाऊ देऊ नको, बाई. बापानं केलं त्येच्या, त्यानं न्हाई. लय लागलंय ते त्याला.” बाबा नळावरून परत येताना दिसले तशी ती भिंतीच्या कडेनं निघून गेली.

आम्ही व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. बाबांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, “शपथ घेताना ईश्वरसाक्ष म्हणायचं नाही. गांभीर्यपूर्वक म्हणायचं.” मी हो म्हटलं. किती साधा आनंद होता त्यांच्या आवाजात, गणित शिकवताना असतो तसला. मला वाटलं आत्ता, इथंच, सांगून टाकावं. बाबा, तुम्हाला काहीच माहीत नाही. पण मी आपली समोरच्या भिंतीवरचा पानाच्या पिचकाऱ्यांचा लाल डाग बघत बसले.

तो डाग शेंदराच्या रंगाचा होता. छप्पन साली बाबा नागपूरहून आले तेव्हा मी असेन पाचेक वर्षांची. आले ते पांढऱ्या सदऱ्यात, डोळे तारवटलेले, पण चेहऱ्यावर असं काही की वाड्यातल्या म्हाताऱ्यासुद्धा त्यांच्याशी जपून बोलायला लागल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी कोनाड्यातले देव एका टोपलीत घातले. पितळेचे टाक होते, आणि मायच्या सासूच्या सासूपासून आलेला शेंदराचा एक गोटा. आम्ही तिघं नावेत बसलो. टोपली मायच्या मांडीवर होती, मी मायला टेकले होते, आणि टाक एकमेकांवर वाजत होते ते मला अजून ऐकू येतं. मधोमध आल्यावर बाबांनी टोपली घेतली आणि वरच्या अंगाला पाण्यात उपडी केली. ते रडले नाहीत, ओरडले नाहीत. फार मोठं ओझं उतरवल्यावर माणूस सोडतो तसा श्वास त्यांनी सोडला. तो श्वास आठवला की मला अजून बापाचा अभिमान वाटतो. माय एवढंच म्हणाली, “हितंच का?” बाबा म्हणाले, “इथंच.” मग मायनं अलीकडच्या काठावरचं उंबराचं झाड पाहिलं, पलीकडच्या काठावरचा महादेवाचा कळस पाहिला, आणि मनात रेघ मारून घेतली. ती रेघ मारली हे मला पुढं कितीतरी वर्षांनी कळलं.

मायनं नंतर कधी कोनाड्यात काही मांडलं नाही. तिसरण-पंचशील तिला बाबांहून चांगलं म्हणता यायचं, गळाही होता. पौर्णिमेला पांढरं लुगडं नेसायची. वाड्यात कुणाच्या अंगात आलं तर पहिली ओरडायची ती. पण नावेत बसली आणि उंबर नि कळस एका रेघेत आले की तिचा हात कडेवरून खाली पाण्यात जायचा. पदराच्या गाठीतला भाकरीचा तुकडा तेवढा सुटायचा. मी एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं, आणि मग न राहवून कानात विचारलं, “माय, हे काय?” ती पुटपुटली, “उपाशी हायत गं खाली. म्या मांडीवर घेऊन बुडवले त्यायला.” मग डोळे मोठे करून म्हणाली, “बाबाला सांगशील तर बघ.” बाबा नावेत आमच्याकडं पाठ करून, पुढं काठाकडं बघत ताठ बसलेले असायचे. मी कधीच सांगितलं नाही. ती पुजत नव्हती. घरात एकेकाळी राहून गेलेल्या माणसांना विसरू नये, तसं काहीतरी ते होतं. पण हे कोर्टाला आणि सभेला कसं सांगायचं? सभेत एक तर माणूस ताठ बसलेला असतो, नाही तर वाकलेला.

दुष्काळात गंगा आटली. नाव काठावर उपडी पडली, आश्रुबा खडी फोडायला गेला, सगळं गावच गेलं. बाया वाळूत झिरे खणून पाणी भरायच्या. मी सुट्टीत गावी गेले की मायबरोबर जायचे. सगळ्या बाया काठाजवळ ओल असेल तिथं खणायच्या, माय तेवढी घागर घेऊन पार मधे जायची. एका दुपारी मी मागोमाग गेले. ती उंबराकडे बघे, कळसाकडे बघे, दोन पावलं सरके आणि हातानं वाळू उपशी. नखं फुटून रक्त आलं होतं. पाण्यासाठी खणत नव्हती ती. “सापडंनात,” ती मला म्हणाली, हरवलेल्या शेळीबद्दल सांगावं तशी. “वाळूनं खाल्ले का काय.” मी तिला ओरडले. शिकलेली मुलगी ओरडते तशी ओरडले. ती घागर उचलून माझ्या पुढं चालायला लागली.

पुकारा झाला. मी पिंजऱ्यात गेले, गांभीर्यपूर्वक म्हटलं. समोरच्या पिंजऱ्यात आश्रुबा उभा होता. त्याच्या गालात तंबाखू नव्हती, त्यामुळं तोंड अर्धं झालेलं वाटत होतं. तो माझ्याकडं बघत नव्हता, पायाखालच्या फळीकडं बघत होता. बाबा लोकांच्या बाकांवर पुढच्याच रांगेत होते. व्यंकटरावांनी नाव, गाव, नोकरी विचारली. मग म्हणाले, “त्या दिवशी नावेत नेहमीपेक्षा माणसं जास्त होती?”

“होती. बरीच जास्त होती.”

“नावाडी तुमच्या समाजाच्या लोकांना वेगळ्या बाजूला बसवत असे?”

“हो.”

त्यांनी समाधानानं मान हलवली आणि ते बसायला वळले. इथं थांबता आलं असतं. आश्रुबाचा वकील नवखा पोरगा होता, त्यानं उठून काहीतरी विचारलंही असतं आणि मी हो-नाही म्हणून उतरले असते. माझे हात पिंजऱ्याच्या कठड्याला घट्ट धरलेले होते, टांग्यात कांब धरली होती तसेच. मला उगीच वाटलं की आता हा पिंजराही उलाळणार. आणि आपण सांगितलं नाही तर जन्मभर असंच काही ना काही धरून बसावं लागणार. मी म्हणाले, “कशासाठी बसवत असे, ते विचारलं नाहीत तुम्ही.”

व्यंकटराव चपापले. न्यायाधीशांनी मान वर केली. “कशासाठी?”

“आम्ही उठत नव्हतो म्हणून. बाकीचे मधे आल्यावर ओटी भरायला उठतात, खालच्या अंगाला जातात. आम्ही वरच्या अंगाला बसून राहतो, म्हणून नाव सरळ राहते. आधीच्या पिढीत विटाळ होता. यानं तो पाळला नाही.”

“मग त्या दिवशी नाव उलटली कशी?”

त्या दिवशी पाणी गढूळ होतं, ओढ फार होती. ओढीचा अंदाज घेऊन आश्रुबानं नाव नेहमीपेक्षा खूप वरून घेतली. मायच्या पदराला गाठ होती. मधे आल्यावर खालच्या अंगाला बायका उठल्या, आणि कशा उठल्या! दोन वर्षांनी गंगा आली होती. नारळ होते, खण होते, कुणी नुसतंच हात जोडून हुंदके देत होतं. आश्रुबा ओरडत होता, बसा, बसा. नाव कलली, पण आम्ही बसलो होतो, म्हणून तोलात राहिली. माझ्या मांडीला मायची मांडी लागलेली होती. तिनं उंबर पाहिला, कळस पाहिला, आपल्या अंगाचं पाणी पाहिलं, आणि तिच्या लक्षात आलं. नाव वरून घेतली होती. देव बुडवलेली जागा आज आमच्या अंगाला नव्हती, पलीकडच्या अंगाला पडली होती. “शिले, सरक जरा,” ती म्हणाली आणि उठली. ती उठल्याचं बघून मागच्या तानुबाई उठल्या, त्यांच्या मागं आणखी दोघी. माझी माय, लक्ष्मीबाई, मास्तराची बायकोच उठते आहे म्हटल्यावर त्यांना कुणाची भीती होती! इतकी वर्षं त्यांनीही काही काही पदरात बांधून ठेवलेलं असणार. “लक्ष्मीबाई, तुमी न्हाई! तुमी बसा!” आश्रुबाचा आवाज फाटला. माझ्या मांडीजवळची ऊब गेली, तिथं वारा लागला. त्यानंतरचं सगळं पाणी.

“बाई, कोर्ट विचारतंय.”

“आम्ही उठलो,” मी म्हणाले.

“आम्ही म्हणजे कोण?”

बाबांकडं बघायचं नाही असं मी ठरवलं होतं. बघितलं. ते किंचित पुढं झुकून ऐकत होते. “माझी माय,” मी म्हणाले. “लक्ष्मीबाई. पहिली ती उठली. तिच्या मागं आमच्यातल्या तिघी गेल्या, आणि नाव गेली.”

मागं कुणीतरी ‘अगं बाई’ म्हणालं. आणि बाबा उठले. नुसते उठून उभे राहिले, कोट घातलेले, हात मांडीला चिकटलेले. पट्टेवाला धावला, “ओ मास्तर, बसा. बसा खाली.” समोरच्या पिंजऱ्यात आश्रुबाचा हात आपोआप पुढं आला होता, तळवा खाली करून, नावेत ‘बसा’ म्हणताना दाबायचा तसा. न्यायाधीशांनी पट्टेवाल्याला खुणेनं थांबवलं. माझी साक्ष उतरवून होईपर्यंत बाबा तसेच उभे होते आणि आश्रुबाचा हात तसाच कठड्यावर होता.

बाहेर आलो तेव्हा लिंबाखाली व्यंकटराव दुसऱ्या कुणाशी बोलत होते, आमच्याकडे त्यांनी पाहिलं नाही. आमच्या समाजाची चार तरुण मुलं बाबांसाठी आली होती, तीही लांबच उभी राहिली. आश्रुबाचं काय होईल ते अजून ठरायचं होतं. दगडाबाई कुठं दिसली नाही. फाटकापाशी आम्ही टांग्याची वाट बघत उभे राहिलो. मी मनात वाक्यं जुळवत होते. बाबा, ती पुजत नव्हती. बाबा, तिला क्षमा करा. बाबा, मला करा. त्यांचा चेहरा बघायची हिंमत होत नव्हती.

“कामून उठली गं ती?” बाबा म्हणाले.

शाळेतली भाषा गळून पडली होती. मी वळून बघितलं. ते रस्त्याकडंच बघत होते.

“हात तर नुस्ता खाली सोडायची,” ते म्हणाले. “इतकी वरसं. कधी उठली न्हाई. त्या रोजी कामून उठली?”

“तुम्हाला माहीत होतं?”

“मी पुढं बघायचो,” ते म्हणाले.

मी सांगितलं, “नाव वरून घेतली होती, बाबा. जागा त्यांच्या अंगाला पडली.”

त्यांनी ते ऐकून घेतलं. अवघड गणिताचं उत्तर आल्यावर ते मान हलवतात तशी खूप वेळ मान हलवत राहिले. मग म्हणाले, “भाकर व्हती का? पदरात?”

“होती. ज्वारीची. घरात तर आपण दुष्काळात रेशनवर मिळणारा तांबडा मिलोच खात होतो. ज्वारी तिनं कुठून आणली, मला कळलं नाही.”

“म्या आनून दिली,” बाबा म्हणाले. “पाथरीहून. म्हनली, गंगेला पानी आलंय, येक भाकर होईल येवढीच आना. म्या इचारलं न्हाई कशाला.” त्यांचा आवाज तिथं मोडला आणि त्यांनी तोंडावर हात धरला, पण तो हात फार उशिरा आला. वर्षभरात मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं. येणारी-जाणारी माणसं बघत होती आणि त्यांना त्याचं काही नव्हतं.

टांगा आला. सकाळचाच होता. टांगेवाल्यानं आमच्याकडं बघितलं, मग घोड्याकडं बघितलं, आणि हळू म्हणाला, “एक जन सामने बैठो.” मी चढून पुढं त्याच्याशेजारी बसले. बाबा मागच्या बैठकीवर बसले, माझ्याकडं पाठ करून, आणि टांगा निघाल्यावर मागं सुटत जाणारा रस्ता बघत राहिले.